‘नीट’ म्हणजे किती?

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात मी सहज बोलून गेलो की, घरी मोटारीचे इंजिन उघडले आहे आणि ते परत बांधण्याचे काम मी स्वतःच करणार आहे. त्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काही सहकाऱ्यांना ती निव्वळ गंमत वाटली. मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवणारा माणूस आणि त्याच्या नखांत काळे ऑइल! उरलेल्यांनी कौतुक केले. त्यातला एक जण म्हणाला, “वा सर, तुम्ही तर पक्के जुगाडू निघालात!” थट्टेचे मला काही वाटले नाही. कौतुक मात्र लागले. कारण मी तोवर एकदा ‘जुगाड’ करून बसलो होतो आणि त्याची किंमतही मोजली होती. आता जे करायचे होते ते नेमके त्याच्या उलट होते. ते उलट म्हणजे काय, आणि आपल्या सुशिक्षित मराठी समाजाला त्याचे कौतुक करायला नेमका शब्द का सापडत नाही, याविषयी मला इथे थोडे लिहायचे आहे.

आधी गावाविषयी. खोपोली हे घाटाच्या पायथ्याचे गाव. बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे चढली, १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र इथे सुरू झाले आणि घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून उतरून मुंबईला वीज देऊ लागले. थोडक्यात, चढणे आणि उतरणे हाच या गावाचा धंदा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा आणि त्याबद्दल जीव गमावणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. तिथे आजही ट्रकवाले नाणे टाकून पुढे जातात. द्रुतगती महामार्ग होण्यापूर्वी घाट चढण्याआधी इंजिन तपासून घ्यायचे, ते खोपोलीत. उतरताना तापलेले ब्रेक थंड करायचे, तेही खोपोलीत. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेजे होती. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, वाहतूक गावाला वळसा घालून जाऊ लागली आणि ती गॅरेजे हळूहळू विरळ होत गेली. जी उरली त्यांतल्या एकाचे मिस्त्री या लेखात वारंवार येणार आहेत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी. वडील इथल्याच एका कारखान्यात पाळीवर कामाला होते आणि त्यांनी ती जुनी विकत घेतली तेव्हा मी शाळेत होतो. या गाडीचे आणि आमच्या घाटाचे एक नाते आहे, ते मला फार उशिरा कळले. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. त्याच वालचंदांनी, मोटारींच्या फार आधी, ठेकेदार म्हणून बोरघाटातल्या रेल्वे-बोगद्यांचे काम केले होते. फियाटच्या परवान्यावर कुर्ल्यात तयार होणाऱ्या मोटारीला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून भरपूर स्मरणरंजन छापून आले. त्या मजकुरात गाडीचा रंग होता, छतावरचे कॅरियर होते, मागच्या काचेवरची अक्षरे होती. इंजिन कुठेही नव्हते.

वडील गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी होती. चालू व्हायची, पण निळा धूर टाकायची. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. अण्णांकडे न जाता मी एका ओळखीच्याच्या सल्ल्याने ‘हाफ इंजिन’ करायचे ठरवले. म्हणजे हेड उतरवायचे, पिस्टन बाहेर काढायचे, नव्या रिंगा आणि नवी बेअरिंगे घालायची आणि परत बांधायचे. तीन रविवारांत काम झाले. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झाले. मी त्याचा फोटोही चारचौघांना पाठवला. दोन महिन्यांनी खंडाळ्याला जाताना घाटाच्या मध्यावर आतून खडखडाट सुरू झाला, मागे धुराचा लोट उठला आणि गाडीची ओढ संपली. मागच्या आसनावर आई बसली होती. वळणावर, मागून ट्रक येत असताना, बंद पडलेल्या गाडीत आईला बसवून ठेवणे म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगणार नाही. गाडी ओढून अण्णांच्या दारात आणली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“सर, बोअर मोजलं होतंत का? का नुसतं बघितलंत?”

मी बघितले होते. चकचकीत दिसले होते.

झाले काय होते, ते सांगतो. सिलिंडरच्या भिंतीची झीज सगळीकडे सारखी होत नाही. ती सर्वांत जास्त होते वरच्या टोकाशी, जिथे स्फोटाचा दाब अधिक आणि ऑइल कमी असते. पण वरची रिंग जिथवर जाते त्याच्याही वर थोडी जागा न घासलेली राहते. त्यामुळे झिजलेल्या भागाच्या वर एक बारीक कड तयार होते. जुनी रिंग त्या कडेबरोबरच गोलावलेली असते. नवी रिंग धारदार काठाची, आणि नव्या बेअरिंगांमुळे पिस्टनही पूर्वीपेक्षा किंचित वर जाऊ लागतो. ती रिंग त्या कडेवर आपटत राहते आणि एक दिवस तुटते. माझ्या तिसऱ्या सिलिंडरमधली वरची रिंग तुटली होती आणि तिच्या तुकड्याने भिंतीला उभ्या रेघा पाडल्या होत्या.

दुसरी गोष्ट साध्या भूमितीची. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर. गुणाकार केला की १०८९ घनसेंटिमीटर हा तिचा परिचित आकडा येतो. रिंगेच्या दोन टोकांमध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट ठेवायची असते. आता झिजून व्यास पाव मिलिमीटरने वाढला, तर परीघ त्याच्या तिपटीहून थोडा अधिक, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढतो. तेवढी भर त्या फटीत पडते. पाव मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरची फट! रिंग कितीही नवी असो, दाब तिथून निसटणार आणि ऑइल वर येणार. शाळेतल्या सातवीच्या वर्गात हे गणित होते. मी ते सोडवले होते, मला गुणही मिळाले होते. पण हाताशी सिलिंडर असताना ते आठवले नाही. आमच्या शिक्षणाविषयी याहून अधिक काही बोलायची गरज आहे असे मला वाटत नाही.

तर दुसऱ्या वेळी ‘नीट’ करायचे ठरले. अण्णांनी अट घातली: काम घरी करा, हरकत नाही, पण वही करा. प्रत्येक गोष्ट मोजायची, वहीत लिहायची, मला दाखवायची, मग पुढे जायचे. चौदा महिने लागले. नवशिक्याने घरी इंजिन बांधण्याविषयी या चौदा महिन्यांत जे शिकलो त्याचा सारांश असा.

पहिली गोष्ट, उघडणे हेच निम्मे काम आहे. मागच्या वेळी मी नट-बोल्ट एका डब्यात टाकले होते. या वेळी प्रत्येक भागाला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी एकत्र बसवूनच कारखान्यात त्यांचे भोक कापलेले असते. एकाची टोपी दुसऱ्याला लावली की ते भोक गोल राहत नाही. मेन बेअरिंगच्या टोप्यांचेही तसेच. म्हणून काढण्याआधीच खुणा करायच्या. जो भाग जिथून आला तिथेच, त्याच दिशेने परत गेला पाहिजे. इंजिन बाहेर काढताना चेन पुली तुळईला बांधावी. लटकत्या वजनाखाली हात किंवा पाय घालू नये. गाडीखाली शिरायचे तर जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये, घोड्या लावाव्यात. हे नवशिक्याला कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते सांगण्याइतके मोठे वाटत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा: क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. चार सिलिंडरांची चोवीस मापे. त्यांतून दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात: भोक वर-खाली सारखे आहे का, आणि ते गोल आहे का. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे असेच. हेडची पाती सपाट आहे का, हे सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवून पाहायचे. व्हर्नियर इथे पुरत नाही, मायक्रोमीटर लागतो. आणि मायक्रोमीटर धरायला शिकावे लागते. पहिल्या दिवशी एकच जर्नल मी पाच वेळा मोजले आणि पाच वेगळी मापे आली. अण्णा म्हणाले, “आता कळलं ना? यंत्र खोटं नाही सांगत. हात सांगतो.” पाचही वेळा तेच माप येईपर्यंत त्यांनी मला पुढे जाऊ दिले नाही. त्यात दोन रविवार गेले.

तिसरी गोष्ट नवशिक्यांना सहसा आवडत नाही. घरी बांधणे म्हणजे सगळे घरी करणे नव्हे. बोअर वाढवणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडची पाती सपाट करणे ही मशिनवरची कामे आहेत. ती मशिन शॉपमध्येच द्यावी लागतात. आपले काम, काय करून हवे ते मापासकट सांगणे आणि परत आल्यावर स्वतः मोजून घेणे. आधी नवे पिस्टन हाती घ्यायचे, मग त्या पिस्टनांच्या मापाने बोअर करायला द्यायचे, उलट नाही. एवढा क्रमही मला माहीत नव्हता. सुटे भाग कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आणि मुंबईतल्या जुन्या दुकानांतून शोधावे लागले. टॅक्सी गेल्यापासून तिथलाही माल आटत चालला आहे.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. ही मला सगळ्यांत अनपेक्षित होती. होनिंग झालेल्या सिलिंडरच्या भिंतीत दगडाची बारीक कणी रुतून बसते. रॉकेलने ती निघत नाही, उलट आणखी आत जाते. ती काढायची तर गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढरे फडके ऑइलमध्ये भिजवून भिंतीवरून फिरवायचे. ते करडे निघाले तर परत धुवायचे. फडके पांढरे निघेपर्यंत धुवायचे. वडिलांचे जुने बनियन त्या कामी आले. सातव्या फेरीला कापड पांढरे निघाले. लगेच ऑइल लावायचे, कारण आमच्याकडच्या आषाढात उघडे बीड तासाभरात तांबूस होऊ लागते. एकदा वीज गेली म्हणून मी ऑइल लावणे सकाळवर टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून धुवावे लागले.

पाचवी गोष्ट आवळण्याची. बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंग असतो. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच भाग एकमेकांना धरून राहतात. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर ताण सोडून देतो किंवा आटे जातात. आट्यांना ऑइल आहे की ते कोरडे आहेत, यावरही ताण बदलतो. म्हणून टॉर्क रेंच लागतो. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना, तीन टप्प्यांत आवळायचे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये जी फट ठेवायची ती केसाच्या जाडीहून कमी. त्या फटीत ऑइलचा पडदा असतो आणि क्रँक त्या पडद्यावर तरंगतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, आणि तरीही त्या ठिकाणी लोखंड लोखंडाला लागत नाही. हे मला वाचून माहीत होते. पण ती फट स्वतः मोजल्यावर त्याचा खरा अर्थ कळला.

हे सगळे करत असताना मला वारंवार आठवत होते ते वर्गात दर वर्षी शिकवलेले एक प्रकरण. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकलाकारांच्या हातून तीनशे वर्षांत पाठ बिघडला होता. एकनाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. एकनाथ स्वतः मोठे कवी. एखादी ढासळलेली ओवी आपल्या प्रतिभेने सुधारणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी स्वतःवर घातलेले बंधन हाच त्या कामाचा मोठेपणा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. परंतु त्या बंधनाला किती कष्ट पडतात, याची कल्पना मला त्या चोवीस मापांनी दिली. जुने इंजिन बांधणे ही पाठशुद्धीच आहे. आपण नवे काही रचत नाही. झिजेने काय बदलले ते शोधतो आणि मूळ मापाकडे जातो. मूळ मापाकडे जाणे शक्य नसेल तर ठरलेल्या पुढच्या मापाला जातो. मधल्या कुठल्यातरी, आपल्याला सोयीच्या मापाला नाही.

अर्थात ही तुलना शेवटपर्यंत ताणता येत नाही. ग्रंथाबाहेरचे जग बदलले तरी ओवी तीच राहते, इंजिनाचे तसे नसते. पद्मिनी बनत होती तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. २००० साली ते देशभर बंद झाले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा मूळचेच बसवले असते तर ती निष्ठा नव्हे, हट्ट ठरला असता. ते मी इथेनॉल सोसणारे बसवले, आणि वहीत ‘मूळ पाठापासून भेद’ असे शीर्षक देऊन त्यांची नोंद केली. अण्णांना ते शीर्षक फार आवडले.

आता ‘जुगाड’ या शब्दाकडे येतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी गाडी बनवली, ती बातमी २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. लोहारांच्या हाताविषयी मला निखळ आदर आहे. माझा आक्षेप आहे तो आपल्या टाळ्यांवर. ठिकठिकाणी त्यांच्या कामाला ‘जुगाड’ म्हटले गेले. चाकांना गती पोचवायची तर दात्याला दाता जुळावा लागतो, कोन साधावा लागतो, जोड भरावा लागतो. हे कौशल्य आहे. ‘जुगाड’ म्हटले की त्यातले कौशल्य पुसले जाते आणि उरते ती फक्त गरिबाने केलेली गंमत. उलट बाजूने, खरोखर जे भागवून नेलेले असते, जसे माझे हाफ इंजिन, त्याला त्याच शब्दाने प्रतिष्ठा मिळते. चांगले काम आणि भागवलेले काम यांना एकच शब्द वापरणारा समाज हळूहळू त्यांतला फरक ओळखायचा थांबतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुलाच्या, रस्त्याच्या, शाळेच्या छताच्या बाबतीत तो थांबलेला आपण पाहतोच.

याचा दोष कुणाला द्यायचा? मी आधी आपल्यालाच देईन, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांना. संतांच्या काळी मराठी काव्यात गोरोबांचे चाक होते, सावतोबांचा मळा होता, नरहरींची मूस होती. हत्यार आणि अक्षर एका हातात होते. आधुनिक कवितेत यंत्र आले, मर्ढेकरांकडे आले, नारायण सुर्व्यांकडे कामगार सन्मानाने आला. तरीही माझ्या वाचनात यंत्र बहुधा बाहेरून दिसते: माणसाला चिरडणारे किंवा काळाचे प्रतीक झालेले. ते उघडून आत पाहणारा गद्यलेखक मला क्वचितच भेटला. मोटारीच्या एखाद्या भागाचे काम धडपणे समजावून सांगेल असे मराठी पान शोधायला गेले तर हाती लागते ते प्रश्नोत्तरांचे परीक्षा-पुस्तक.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले, तिथे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत घालवायला वर्षे गेली. त्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठीतले एक महत्त्वाचे वाङ्मयीन मासिक नांगराच्या कारखान्यातून निघाले, ही गोष्ट आपण वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकतो. ती एक ओळ मला आता फार मोठी वाटते.

गॅरेजात मराठी नाही असेही नाही. आटे, पाना, सूत, चाकी, पाती, कड. इंजिन ‘ऑइल खाते’, ‘ओढत नाही’, ‘धरते’. पिस्टन, रिंग, क्रँक हे शब्द तर केव्हाच मराठी झाले आहेत, त्यांना संस्कृत प्रतिशब्दांचे सोवळे नेसवायची गरज नाही. भाषा आहे, लिहिणारा नाही. अण्णांना लिहायचा कंटाळा आणि आम्हाला हात घालायचा.

माझ्या या मताविरुद्ध जे बोलले जाते त्याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. चौदा महिन्यांचे रविवार हा चैनीचा हिशेब आहे. पाळीवर जाणाऱ्या माझ्या वडिलांना तो परवडला नसता. हे खरे आहे. दुसरे, जुनी मोटार ठेवावीच का? तिला धूर शुद्ध करणारे यंत्र नाही, तिच्यात आधुनिक सुरक्षा नाही. २०२१ चे वाहन-भंगार धोरण आणि १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेलेले पुनर्नोंदणीचे शुल्क यांमागेही हाच विचार आहे. नीट बांधलेले इंजिन न बांधलेल्यापेक्षा कमी धूर करते, एवढेच मी म्हणू शकतो. नव्या गाडीशी मी तिची बरोबरी करणार नाही. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी गाडी आणि रोजची गाडी यांत फरक करावा, इतकीच माझी मागणी. आणि ज्याला मोजायचे नसेल त्याने इंजिन उघडूच नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. ‘स्वतः करा’ या हौसेचा सध्या मोठा गाजावाजा आहे. परंतु घाटात बंद पडलेल्या गाडीमागे येणाऱ्या ट्रकवाल्याला आपल्या हौसेशी काही देणेघेणे नसते.

इंजिन चालू करायचा दिवस ठरला तेव्हा अण्णा आले. आधी स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा दाब आल्याची खात्री केली, मग प्लग बसवले. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन धरले. नव्या इंजिनाला सुरुवातीलाच नुसते मंद चालू ठेवायचे नसते. वीसेक मिनिटे थोड्या चढ्या गतीवर चालवावे लागते, म्हणजे कॅमला पुरेसे ऑइल मिळते. मी घड्याळाकडे पाहत होतो, अण्णा डोळे मिटून उभे होते. निळा धूर नव्हता. तापलेले इंजिन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा तपासले, टॅपेटची फट पुन्हा मोजली, आठही आकडे वहीत लिहिले आणि वही त्यांच्यापुढे धरली.

अलीकडे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी वही न पाहताच इंजिन पुन्हा चालू करायला सांगितले, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “दोन नंबरचं एक्झॉस्ट परत बघा, सर. जरा सैल आहे.”

माझ्या वहीत तो आकडा बरोबर होता. मी काहीशा नाइलाजाने इंजिन पुन्हा थंड होऊ दिले आणि फीलर गेज घातले. फट जास्त होती; लॉक नट आवळताना स्क्रू किंचित फिरला होता आणि त्यानंतर मी मोजले नव्हते, आधीचेच माप लिहिले होते.

चाळीस वर्षे मोजल्यावर कानाला असे कळू लागते. ते त्यांनी कुठेही लिहून ठेवलेले नाही, आणि त्यांच्या गॅरेजात आता शिकायला कुणी येत नाही. ती वही मी अजून चालू ठेवली आहे. पहिली पाने इंजिनाची आहेत. पुढच्या पानांवर, रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी, अण्णा सांगतात ते मी लिहून घेतो. कोणता आवाज कशाचा, हे शब्दांत कसे पकडायचे याची आमची दोघांची वादावादी चालते. ‘टिकटिक’ आणि ‘टकटक’ यांत फरक आहे, असे ते म्हणतात. तो मराठीत कसा लिहायचा, हे मला अद्याप जमलेले नाही.